फाइल उतरली, बटण मात्र अडकलेलंच: डाउनलोडनंतर वेब फॉर्म का बदलत नाही

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या कचेरीत सेवांच्या पावत्या संगणकावर निघतात. भाविक काउंटरवर येतो, कारकून नाव, गोत्र, सेवा, दक्षिणा भरतो आणि ‘पावती तयार करा’ हे बटण दाबतो. बटण करडं होतं, त्यावर ‘तयार होत आहे…’ अशी अक्षरं येतात आणि थोड्या वेळात पीडीएफ डाउनलोडमध्ये दिसू लागते. इथवर सगळं ठीक. पण बटण करडं ते करडंच राहतं. पावती क्रमांकाचा रकाना रिकामा. रांग खोळंबलेली, म्हणून कारकून एफ-फाइव्ह मारतो, फॉर्म कोरा होतो. मघाची पावती झाली की नाही, याची खात्री नाही, म्हणून तीच माहिती परत भरली जाते. एकाच लघुरुद्राच्या दोन पावत्या, दोन क्रमांक. महिनाअखेरीला खजिनदार वही घेऊन बसले की रोकड आणि पावत्या जुळत नाहीत, आणि मुखत्यारांचा फोन येतो: “अहो, ते तुमचं बटण परत अडकलं.”

‘परत’ हा शब्द महत्त्वाचा, कारण हे दुखणं एकदा बरं होऊन कायमचं जात नाही. बहुतेक ठिकाणी त्यावर जो इलाज झालेला असतो तो असा: जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउट, म्हणजे टायमर, लावून पाच सेकंदांनी बटण मोकळं करायचं. एरवी चालतं. जत्रेच्या दिवसांत सर्व्हरवर ताण येतो, पीडीएफला बारा सेकंद लागतात, बटण पाचव्या सेकंदाला मोकळं होतं, आणि कारकून साहजिकच पुन्हा दाबतो. मग कुणीतरी पाचाचे पंधरा करतो. आता साध्या दिवशी दोन सेकंदांत पावती येऊनही माणूस उरलेला वेळ बटणाकडे बघत बसतो. हा आकडा कितीही हलवला तरी बरोबर येणार नाही, कारण तो अंदाज आहे.

पतसंस्थेचं खातेउतारा देणारं पान असो, शाळेचं गुणपत्रक असो किंवा पंचायतीच्या घरपट्टीची पावती, लक्षणं हीच आणि कारणही हेच.

मूळ कारण

ब्राउझरच्या एका विनंतीला सर्व्हर एकच उत्तर देऊ शकतो. पाकीट एकच आहे. त्यात पावती घाला, नाहीतर नवा फॉर्म घाला. दोन्ही मावत नाहीत.

बटणाच्या क्लिकमागचा सर्व्हरवरचा कोड बहुतेक असा असतो: लेबलमध्ये पावती क्रमांक टाकला, बटण पुन्हा सुरू केलं, उत्तर रिकामं केलं, त्यात पीडीएफचे बाइट्स ओतले, उत्तर संपवलं. वाचताना वाटतं की सगळ्या ओळी चालल्या, म्हणजे सगळं झालं. ओळी खरंच चालल्या. पण लेबलचा नवा मजकूर सर्व्हरच्या मेमरीतल्या एका ऑब्जेक्टमध्ये बसला, एवढंच. तो पडद्यावर यायचा तर पानाचं एचटीएमएल नव्यानं तयार होऊन ब्राउझरपर्यंत जायला हवं. ते गेलंच नाही, उत्तरात फाइल गेली. ब्राउझरनं हेडर, म्हणजे उत्तराच्या सुरुवातीची माहिती, वाचला, ‘कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट’ असं दिसल्याबरोबर फाइल डाउनलोडकडे वळवली आणि समोरचं पान होतं तसं ठेवलं. ब्राउझरचं काही चुकलेलं नाही.

‘लेबल आधी बदला, फाइल नंतर पाठवा’ असा सल्ला अधूनमधून मिळतो. त्यानं काही होत नाही. ओळींचा क्रम बदलल्यानं पाकिटं दोन होत नाहीत. फाइल पाठवून झाल्यावर रिडायरेक्ट करायचा प्रयत्नही फुकट: हेडर आधीच निघून गेलेले असतात आणि सर्व्हर तसा स्पष्ट एरर देतो.

एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या चौकटीत याला आणखी एक शेपूट आहे. पान जुनंच राहिलं म्हणजे त्यातलं व्ह्यूस्टेट, म्हणजे पानाच्या अवस्थेची लपवलेली नोंद, तेही जुनंच. पुढच्या पोस्टबॅकला, म्हणजे फॉर्म पुन्हा सर्व्हरकडे जाताना, ब्राउझर तेच जुनं व्ह्यूस्टेट पाठवतो आणि सर्व्हरच्या दृष्टीनं मघाची पावती झालेलीच नसते. ‘पावती झाली’ ही खूण व्ह्यूस्टेटमध्ये ठेवून दुबार पावती अडवू पाहणारा कोड म्हणूनच इथे साफ आपटतो. दुबार अडवायचं ते डेटाबेसमध्ये: फॉर्म उघडताना त्याला एक टोकन, म्हणजे एकमेव ओळखखूण, द्या, ते पावतीच्या नोंदीत युनिक ठेवा, आणि तेच टोकन दुसऱ्यांदा आलं की नवी पावती न करता जुनीच परत द्या. बाकीचे उपाय नंतर झाले तरी चालतील, हा आधी करा. पैशाचा मामला आहे.

आधी एकदा डोळ्यांनी बघा

एफ-ट्वेल्व्ह दाबून नेटवर्कचा टॅब उघडा, जुनी नोंद राखण्याचा पर्याय सुरू करा आणि बटण दाबा. एकच विनंती गेली आणि तिच्या उत्तराचा कंटेंट-टाइप पीडीएफ किंवा एक्सेलचा आहे असं दिसलं, तर हे आपलंच प्रकरण. उत्तरात एचटीएमएल आलंय आणि तरीही पान बदललं नाही, तर गोष्ट वेगळी. मग बहुधा कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टचा एरर लाल रंगात बसलेला असेल.

अडकलेली गोष्ट बटण नसून पडद्यावर फिरणारं चक्र असेल, तर आणखी एक जागा तपासा. बरेच जण ‘बिफोरअनलोड’ या इव्हेंटवर चक्र सुरू करतात: पान सोडताना फिरायला लागायचं, नवं पान आलं की ते आपोआप नाहीसं. डाउनलोडच्या दुव्यावर दाबलं की ब्राउझरला सुरुवातीला वाटतं आपण दुसऱ्या पानावर चाललोय, म्हणून हा इव्हेंट घडतो. मग कळतं की ही फाइल आहे. पान सुटत नाही आणि चक्र अनंतकाळ फिरत राहतं. फाइल त्याच डोमेनवर असेल तर दुव्याला ‘डाउनलोड’ ॲट्रिब्यूट लावा. ब्राउझर त्याला पान सोडणं समजत नाही आणि चक्र सुरूच होत नाही.

कुठला क्षण हवाय?

उपाय शोधण्याआधी हे ठरवा, कारण इथे गोंधळ झाला की पुढचं सगळं चुकतं. क्षण तीन आहेत. बटण दाबलं तो पहिला. सर्व्हरवर फाइल तयार होऊन उत्तर निघालं तो दुसरा. फाइल संपूर्ण उतरून डिस्कवर बसली तो तिसरा.

पहिला तुमच्याच हातात आहे. दुसरा कळवून घेता येतो. तिसऱ्याबद्दल ब्राउझर पानाला काहीही सांगत नाही. माणसानं मध्येच रद्द केलं, डिस्क भरली, पावसात वीज गेली, यातलं काहीच पानापर्यंत येत नाही. म्हणून डेटाबेसमध्ये ‘डाउनलोड केली’ असा रकाना असेल तर त्याचं नाव बदलून ‘पाठवली’ करा. सर्व्हरला तेवढंच माहीत असतं.

पावतीच्या काउंटरला दुसरा क्षण पुरतो. पीडीएफ छोटी असते, उत्तर निघालं की डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात उतरते. वेळ जातो तो ती तयार करण्यात.

माझी पसंती: दोन विनंत्या करा

पाकीट एकच असेल तर दोन पाकिटं मागवा. पहिल्या पोस्टबॅकमध्ये फाइल पाठवायचीच नाही. पावतीची नोंद करा, क्रमांक घ्या, लेबल भरा, बटणाची अवस्था बदला आणि नेहमीसारखं अख्खं पान परत जाऊ द्या. त्याच पानात सर्व्हरकडून छोटी स्क्रिप्ट टाका, जी पान उघडल्यावर फाइलचा पत्ता मागेल. तो पत्ता म्हणजे वेगळं हँडलर (एकाच कामाची विनंती हाताळणारा कोड), वेब फॉर्म्समध्ये एएसएचएक्स. त्याचं काम फक्त क्रमांक घेऊन पावतीची पीडीएफ देणं.

यात दोन गोष्टी एकदम साधतात. पडदा ताजा होतो, कारण पहिलं उत्तर हे खरंच पान आहे. आणि पावती करणं व पावती देणं वेगळं झाल्यामुळे फाइल कितीही वेळा मागितली तरी नवा क्रमांक पडत नाही. कारकुनाला हवी तेवढी वेळ छापू दे. मूळ रचनेत ही दोन कामं एका बटणात कोंबलेली असतात, आणि माझ्या मते निम्मा त्रास त्यातूनच येतो.

स्क्रिप्टनं फाइल मागवताना ‘विंडो.ओपन’ वापरू नका. माणसाच्या थेट क्लिकविना उघडलेली खिडकी पॉपअप म्हणून अडवली जाते. पत्ता लपवलेल्या आयफ्रेमच्या (पानातल्या छोट्या पानाच्या) ‘एसआरसी’त घाला किंवा ‘लोकेशन’ला द्या, उत्तर अटॅचमेंट असल्यानं पान हलत नाही. लोकेशनचा एक तोटा: हँडलरनं फाइलऐवजी एरर दिला तर अख्खं पान जाऊन त्या जागी एररचं पान येतं. आयफ्रेममध्ये ते आतल्या आत राहतं.

आणि ‘पावती आली नाही? इथे दाबा’ असा साधा दुवा पानावर ठेवाच. क्रोम एकाच पानावरून आपोआप होणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या डाउनलोडला परवानगी विचारतो. घाईत कुणी एकदा ‘ब्लॉक’ दाबलं, की त्या साइटवरून आपोआप येणारी फाइल बंद, आणि पडद्यावर फारसा गाजावाजाही नाही. ‘त्या एकाच संगणकावर होत नाही’ अशी तक्रार आली तर पत्त्याच्या पट्टीतून त्या साइटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप डाउनलोडची परवानगी बघा.

हँडलर लिहिताना हक्कांची तपासणी विसरू नका. पत्त्यात ‘क्रमांक १२०५’ दिसला की कुणीतरी १२०६ टाकून बघणारच. पावतीवर भाविकाचं नाव, गोत्र, फोन असतो. लॉगिन झालंय का आणि या माणसाला ही पावती बघता येते का, हे हँडलरमध्ये वेगळं तपासावं लागतं; पानावर केलेली तपासणी इथे लागू होत नाही.

फॉर्म मोडता येत नसेल तर: कुकीची खूण

जुना कोड, मूळ लिहिणारा पुण्याला की दुबईला गेलेला, आणि दोन विनंत्यांसाठी सगळं उसवायची हिंमत नाही. अशा वेळी कुकीची, म्हणजे सर्व्हर ब्राउझरमध्ये ठेवतो त्या छोट्या नोंदीची, युक्ती उत्तम चालते. उत्तरात फाइल गेली तरी हेडर जातातच, आणि कुकी हेडरमधूनच प्रवास करते. पान बदललं नाही तरी ब्राउझर कुकी मात्र ठेवून घेतो.

बटण दाबल्याबरोबर जावास्क्रिप्टनं एक टोकन बनवायचं, घड्याळातले मिलिसेकंद घेतले तरी पुरे. ते हिडन फील्डमध्ये टाकून फॉर्म जाऊ द्यायचा. सर्व्हरनं फाइल पाठवताना तेच टोकन एका कुकीत परत लावायचं. इकडे पान दर अर्ध्या सेकंदाला कुकी वाचत राहतं. आपलं टोकन दिसलं की बटण मोकळं, चक्र बंद, कुकी पुसायची. जेएसएफमध्ये (जावाच्या वेब चौकटीत) प्राइमफेसेस या लायब्ररीचं ‘मॉनिटर डाउनलोड’ आतून हेच करतं, त्यामुळे ते वापरत असाल तर हाताने काही लिहायची गरज नाही.

सांगायला सोपं आहे. चालत नाही तेव्हा बहुतेक वेळा खालच्यापैकी कुठेतरी माशी शिंकलेली असते.

कुकी ‘एचटीटीपी-ओन्ली’ असेल तर जावास्क्रिप्टला ती दिसत नाही. कोडमध्ये तुम्ही तसं लिहिलं नसलं तरी वेब कॉन्फिगमध्ये सगळ्याच कुकीज एचटीटीपी-ओन्ली करणारी ओळ असते, सुरक्षेच्या तपासणीनंतर हमखास घातलेली. ‘काल चालत होतं, सर्टिफिकेटवाले येऊन गेले आणि बंद पडलं’ याचा अर्थ हाच. ती ओळ काढू नका, बरोबर आहे ती. फक्त या एका कुकीवर कोडमध्ये एचटीटीपी-ओन्ली बंद करा. तिच्यात गुपित काहीच नाही.

दुसरं म्हणजे पाथ. पीएचपीच्या सेटकुकीला पाथ दिला नाही तर ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तोच पाथ धरते. फॉर्म ‘सेवा’ फोल्डरमध्ये आणि डाउनलोड ‘पावती’ फोल्डरमध्ये असेल तर पानाला कुकी दिसायची नाही. पाथ नेहमी नुसती तिरकी रेघ द्या, म्हणजे अख्खी साइट.

डाउनलोड जीईटीनं, म्हणजे साध्या दुव्यासारख्या विनंतीनं, होत असेल आणि ब्राउझरनं फाइल आपल्या कॅशमधून (साठवून ठेवलेल्या प्रतींतून) काढून दिली, तर सर्व्हरला पत्ताच नसतो आणि नवी कुकी येत नाही. पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा अडकतं, हे त्याचं लक्षण. उत्तराला ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ लावा.

मग वाट बघण्याची मर्यादा. सर्व्हरवर एरर आला तर कुकी कधीच येणार नाही, म्हणून दोनएक मिनिटांनी थांबून बटण मोकळं करा आणि ‘पावती यादीत आहे का बघा, मगच पुन्हा दाबा’ असं लिहा. ही मर्यादा फेऱ्या मोजून ठरवू नका. कारकून दुसऱ्या टॅबवर गेला की ब्राउझर मागच्या टॅबचे टायमर मंद करतो. क्रोम ८८ पासून तर मागे बराच वेळ राहिलेल्या टॅबमधले काही टायमर मिनिटातून एकदाच चालतात. दोनशे चाळीस फेऱ्या म्हणजे दोन मिनिटं हा हिशेब मग कोलमडतो. सुरुवातीची वेळ लिहून ठेवा आणि घड्याळाशी ताडून बघा.

एक समजूतही दुरुस्त करायला हवी. कुकी हेडरबरोबर येते, म्हणजे फाइलच्या आधी. ती दिसली याचा अर्थ ‘फाइल तयार होऊन निघाली’, ‘पूर्ण आली’ असा नाही. दोन केबीच्या पावतीला फरक पडत नाही. वर्षभराच्या दोनशे एमबीच्या अहवालाला पडतो. तिथे बटण मोकळं झालं तरी खाली डाउनलोड चालूच असेल. ते ब्राउझर दाखवतोच, त्यामुळे माझ्या मते त्यात बिघडलं काही नाही.

बटण करडं करतानाच फसगत

हे डाउनलोडपुरतं नाही, पण याच फॉर्मवर हटकून भेटतं. क्लिकच्या हँडलरमध्ये लगेच बटण डिसेबल केलं, तर काही ब्राउझरांत फॉर्म जातच नाही. गेला तरी डिसेबल बटणाचं नाव फॉर्मबरोबर जात नाही, मग सर्व्हरला कुठलं बटण दाबलं हे कळत नाही आणि क्लिकचा इव्हेंट घडत नाही. शून्य मिलिसेकंदांच्या सेटटाइमआउटमध्ये डिसेबल करा, म्हणजे फॉर्म निघाल्यावर ते होईल. वेब फॉर्म्समध्ये बटणाचं ‘यूज सबमिट बिहेवियर’ फॉल्स केलं तरी काम भागतं.

त्याआधी व्हॅलिडेशन, म्हणजे रकाने नीट भरलेत का, हे तपासा. गोत्राचा रकाना रिकामा राहिला, फॉर्म गेलाच नाही, पण बटण करडं होऊन बसलं: ही तक्रारही ‘डाउनलोडनंतर अडकलं’ या नावानंच तुमच्याकडे येणार आहे.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटच्या पानांवर तर फाइल उतरल्यावर पानावरची सगळीच बटणं मरतात. तिथे दुबार सबमिट रोखणारा एक झेंडा पहिल्या सबमिटला वर जातो आणि नवं पान येईपर्यंत खाली येत नाही. आपल्याकडे नवं पान येतच नाही. डाउनलोडच्या बटणावर तो झेंडा हातानं फॉल्स करावा लागतो.

अपडेटपॅनल

बटण अपडेटपॅनलच्या, म्हणजे वेब फॉर्म्समध्ये पानाचा तेवढाच भाग ताजा करणाऱ्या चौकटीच्या, आत असेल तर लक्षण वेगळं: फाइल मिळतच नाही, ‘पार्सर एरर’ची खिडकी येते. अपडेटपॅनलला ठरावीक साच्यातला मजकूर हवा असतो, तुम्ही त्याच्या हाती पीडीएफचे बाइट्स दिलेत. त्या बटणाला पोस्टबॅक ट्रिगर लावा. ग्रिडच्या ओळीतलं बटण असेल तर स्क्रिप्ट मॅनेजरमध्ये त्याची पोस्टबॅक कंट्रोल म्हणून नोंद करा. त्यानं फाइल मिळेल, पॅनल मात्र ताजं होणार नाही, म्हणजे तुम्ही पुन्हा या लेखाच्या सुरुवातीला. म्हणून इथेही दोन विनंत्याच बऱ्या: पॅनलमधल्या पोस्टबॅकनं पॅनल बदलायचं आणि त्याच्या स्क्रिप्टनं आयफ्रेमला पत्ता द्यायचा.

फेच वापरायचं असेल तर

नवीन कोड लिहीत असाल तर फाइल फेचनं, म्हणजे जावास्क्रिप्टमधून केलेल्या विनंतीनं, मागवा, उत्तराचा ब्लॉब (बाइट्सचा गठ्ठा) करा, त्याचा तात्पुरता पत्ता बनवून लपलेल्या दुव्यावर क्लिक करा आणि काम झालं की तो पत्ता सोडून द्या. इथे सगळे बाइट्स हातात आल्याचं तुम्हाला कळतं, एररही पकडता येतो, बटणाची अवस्था सरळ त्याच फंक्शनमध्ये बदलता येते.

पण एक सापळा हमखास. सेशन (लॉगिन टिकण्याचा काळ) संपलेलं असतं, सर्व्हर लॉगिनच्या पानावर पाठवतो, फेच निमूटपणे तिकडे जातो आणि २०० हा यशाचा कोड घेऊन परततो. तुमचा कोड लॉगिन पानाचं एचटीएमएल ‘पावती.पीडीएफ’ नावानं सेव्ह करतो. कारकून म्हणतो, “पीडीएफ उघडत नाही, खराब आहे.” ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्याच ओळीत एचटीएमएल दिसलं की रोग सापडला. उत्तर ‘ओके’ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कंटेंट-टाइप पीडीएफ आहे का तेही बघा.

फेचसाठी फॉर्मडेटा (फॉर्ममधल्या माहितीचा संच) बनवताना दाबलेल्या बटणाचं नाव त्यात आपोआप येत नाही, ते वेगळं जोडा. फाइल दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर फाइलचं नाव सांगणारा हेडर स्क्रिप्टला दिसावा म्हणून सर्व्हरनं तो मुद्दाम उघड करावा लागतो. आणि मोठ्या फाइलींसाठी हा मार्ग नको: सेव्ह होण्याआधी सगळी फाइल ब्राउझरच्या ताब्यात साठते, साध्या फोनवर टॅबच बसतो.

आयफ्रेमच्या ‘ऑनलोड’वर भरवसा ठेवून बटण मोकळं करणारेही आहेत. उत्तर अटॅचमेंट असलं की क्रोममध्ये तो इव्हेंट येतच नाही. उलट तो आला, तर समजा की फाइलऐवजी एररचं पान आलंय. त्या कामाला तो छान आहे.

फाइलच्या शेवटी पानाचं एचटीएमएल

वेब फॉर्म्समध्ये उत्तर संपवणारं ‘रिस्पॉन्स.एंड’ थ्रेड ॲबॉर्टचा एक्सेप्शन फेकतो, लॉग भरतो, म्हणून लोक त्याच्या जागी ‘कंप्लीट रिक्वेस्ट’ वापरतात. ते योग्य आहे, पण तेवढ्यानं पानाचं काम थांबत नाही. पान पुढे रेंडर होतं आणि त्याचं एचटीएमएल तुमच्या फाइलच्या शेवटी चिकटतं. सीएसव्ही उघडली की खाली पन्नास ओळी टॅग दिसतात. फ्लश करा, मग ‘सप्रेस कंटेंट’ ट्रू करा, आणि त्यानंतर कंप्लीट रिक्वेस्ट. याच क्रमानं.

सेशनचं कुलूप

मोठा अहवाल निघत असताना त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये साइटचं काहीच उघडत नाही, पण दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन केलं तर लगेच उघडतं? मग सर्व्हर हळू नाही, सेशनला कुलूप आहे. एएसपी डॉट नेट एका सेशनच्या लिहिणाऱ्या विनंत्या एकामागून एक घेतो. ‘फाइल झाली का?’ असं सर्व्हरला वारंवार विचारणारी तुमची विनंतीदेखील त्याच रांगेत उभी राहते आणि फाइल संपल्यावरच उत्तर मिळतं. म्हणून प्रगतीची पट्टी शून्यावरून थेट शंभरावर उडी मारते. डाउनलोडच्या हँडलरला सेशन फक्त वाचायचं आहे असं सांगा, म्हणजे ‘रीड-ओन्ली सेशन स्टेट’. पीएचपीत सेशनमधून हवं ते वाचून झालं की फाइल पाठवण्याआधी ‘सेशन राइट क्लोज’ करा.

देवनागरी नाव

गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत चालतात, त्यामुळे ‘अभिषेक-पावती-१२०५.पीडीएफ’ असं नाव कुणीतरी मागतंच. हेडरमध्ये ते तसंच लिहिलं तर नावाच्या जागी अंडरस्कोअर किंवा विचित्र चिन्हं येतात. २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकाप्रमाणे नाव दोनदा द्यायचं: एकदा साध्या रोमन अक्षरांत ‘फाइलनेम’मध्ये, आणि एकदा तारा लावलेल्या ‘फाइलनेम’मध्ये, यूटीएफ-८ करून टक्क्यांच्या चिन्हांत. नवे ब्राउझर तारा असलेलं घेतात. नाव आटोपशीर ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स खातं, काना-मात्रासुद्धा, आणि लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे. म्हणजे साधारण पंच्याऐंशी चिन्हं. भाविकाचं पूर्ण नाव, गोत्र, सेवा आणि तारीख असं सगळं नावात घातलं तर ती सहज संपतात.

मोबाइल ॲपच्या आत

देवस्थानानं किंवा पतसंस्थेनं हेच पान अँड्रॉइड ॲपच्या वेबव्ह्यूत (ॲपमधल्या छोट्या ब्राउझरमध्ये) गुंडाळलं असेल, तर तिथे डाउनलोड मुळात आपोआप होत नाही; ॲप करणाऱ्यानं डाउनलोड लिसनर लावावा लागतो. तो लावूनही फेच-ब्लॉबचा मार्ग तिथे अडतो, कारण ब्लॉबचा पत्ता पानाच्या बाहेर कुणाला उघडता येत नाही. ॲपसाठी साधा जीईटीचा दुवा ठेवा, लॉगिनची कुकी डाउनलोडच्या विनंतीबरोबर पाठवायला ॲपवाल्याला सांगा, नाहीतर तिथेही पीडीएफच्या नावाखाली लॉगिनचं पान सेव्ह होईल.